एकसष्ट बाळांची आई

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (फार वाकलो नाही. कंबर धरली आहे, त्याचे कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा उजवा कान अजून कामावर आहे की तोही संपावर गेला? त्यांना माझा नमस्कार सांग, जरा मोठ्याने. फोन न करता पत्र का लिहिले, असे तू विचारणार नाहीस, कारण माझा फोन तू उचलत नाहीस. सहा महिन्यांत सत्तावीस वेळा करून पाहिला. पण बंद पाकीट समोर आले की तुला राहवत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. (माझी प्रगतिपुस्तके बाबांच्या आधी तूच फोडायचीस.) आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. आमचे चिरंजीव परगावाहून फोन करत नाहीत, म्हणजे तेही खुशाल असावेत. बाळांपैकी साठ जण उत्तम आहेत. एकसष्टाव्या बाळासाठीच हे पत्र आहे, ती मुलगी आहे आणि तिच्या हृदयाला भोक आहे. पण ते सगळे सरळ सांगितले तर माझी अब्रू पहिल्याच पानावर जाईल, म्हणून जरा लांबून येतो.

तुझ्या निरोपसमारंभातले माझे भाषण तुला आठवत असेल. (सगळ्यांना आठवते. आपल्या आरोग्य केंद्राचा शिपाई अजून चहाच्या वेळी ते करून दाखवतो.) नवा टॅब हातात उंच धरून मी म्हणालो होतो की आज ताईंबरोबर त्यांचे जाडजूड रजिस्टरही निवृत्त होत आहे, आणि एकतीस वर्षे ताईंनी चालून चालून जे केले ते आता हे यंत्र बसल्या जागी करील. सगळे हसले. तू हसली नाहीस. तू पाकिटातले पेढे... नाही, पेढे नव्हते, बिस्किटे होती, ती तशीच टेबलावर ठेवून निघून गेलीस. त्या वेळी मला वाटले, तुला बसची घाई असेल. माझी अक्कल अशी नेहमी पुढच्या बसने येते.

योजना चांगली आहे, ताई, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर तू म्हणशील की आता खापर सरकारवर फोडतो आहे. प्रत्येक बाळाची एकदा नोंद करायची, मग लस कधी, वजन कधी, तपासणी कधी, हे सगळे यंत्रच आईला फोन करून सांगते. तपासणीची गाडी येते, बाळाच्या छातीला बटणाएवढे यंत्र लावतात, ठोके थेट शहरातल्या डॉक्टरांना ऐकू जातात आणि काही निघाले तर ऑपरेशन फुकट. त्या सगळ्यात एकच कच्चा दुवा होता आणि तो महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन खुर्चीवर बसला होता.

झाले असे. नोंदणीच्या फॉर्मला चौतीस रकाने आणि त्यातल्या अकरांसमोर लाल चांदणी. चांदणीचा रकाना रिकामा सोडला तर पुढचे पान उघडतच नाही. आईचा मोबाइल नंबर हा चांदणीचा रकाना. (ज्याने हा फॉर्म बनवला त्याच्या आईकडे फोन असणार.) पहिल्याच दिवशी रांग दाराबाहेर गेलेली, चौदा बाळे एका सुरात रडत होती, आणि समोरची बाई म्हणाली की घरात फोन एकच आहे आणि तो नवऱ्याबरोबर कामावर जातो. मी वैतागलो. मागून साहेब ओरडत होते की वेग वाढवा. मी तात्पुरता म्हणून माझा नंबर टाकला. पान उघडले. मला इतका आनंद झाला की पुढच्या बाईने फोन नाही म्हणताच मी तिला वाक्यही पुरे करू दिले नाही. महिनाअखेरीस आपले केंद्र नोंदणीत पहिले आले, साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि मी एकसष्ट बाळांची आई झालो.

मग फोन सुरू झाले. यंत्रातली बाई फार गोड बोलते. नमस्कार आई, आपले बाळ साडेतीन महिन्यांचे झाले, अभिनंदन, असे सुरू करते आणि शेवटी सांगते की पुन्हा ऐकायचे असल्यास एक दाबा, समजले असल्यास दोन दाबा. दिवसाला सात-आठ वेळा माझे अभिनंदन व्हायचे. माझ्या लग्नातही एवढे झाले नव्हते. बँकेच्या रांगेत झाले, बसमध्ये झाले, आणि एकदा न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना झाले. माझे हात फडक्याखाली अडकलेले म्हणून न्हाव्याने आपुलकीने फोन स्पीकरवर लावला, तर बाई साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की आई, अंगावरचे दूध पुरत नसेल तर संकोच करू नका. वस्तरा गालावरच थांबला. बाकावरचे दोन म्हातारे एकाच वर्तमानपत्रामागे गेले. उरलेली अर्धी दाढी न्हाव्याने इतक्या हळुवार हाताने केली की मला भरून आले. घरी तुझी भावजय म्हणाली की मुलगा लहान असताना तुम्ही याच्या निम्मे जरी ऐकले असते तरी मी दोन वर्षे झोपले असते. मी दोन दाबले.

दोन दाबायची मला सवयच लागली, ताई. बाई नमस्कार म्हणायच्या आत अंगठा तयार असायचा. प्रत्येक दोन म्हणजे वर कचेरीत नोंद व्हायची की आईला समजले. आपल्या केंद्राचा प्रतिसाद शंभर टक्के झाला. मागच्या महिन्यात मुख्य कचेरीतून एका बाईंचा फोन आला (ही खरी बाई होती, मला ओळखायला वेळ लागला) की सहा महिन्यांत एकही सूचना न चुकवणारी सर्वांत जागरूक आई म्हणून या नंबरची निवड झाली आहे, त्या ताईंचा सत्कार करायचा आहे, तर त्यांची उंची सांगा म्हणजे माईक तेवढा खाली घेता येईल. एका नंबरावर एकसष्ट बाळे कशी, हे त्यांना खटकले नाही आणि मीही विषय काढला नाही. आवाज खाली घेत मी सांगितले की त्या आत्ता घरी नाहीत, मी त्यांचा भाऊ बोलतोय. त्या म्हणाल्या, भाग्यवान आहात.

आता येते ती लांबवलेली गोष्ट. मागच्या आठवड्यातल्या बुधवारी नवीन सिस्टर माझ्या टेबलाशी आली. (चांगली पोरगी आहे. तुझ्यासारखी कमी बोलते, त्यामुळे मला भीती वाटते.) तिच्या हातात हृदयाच्या पुढच्या तपासणीला न आलेल्या बाळांची यादी होती आणि यादीत एकच नाव होते. आठ महिन्यांची मुलगी. दोन महिन्यांपूर्वी तपासणीची गाडी वस्तीत गेली तेव्हाच यंत्राने भोक पकडले होते, निकाल गाडी परतल्यावर शहरातून आला, शहरातल्या मोठ्या दवाखान्याने तीन तारखा दिल्या, आईला तीनदा कळवले, आईने तिन्ही वेळा समजले म्हणून सांगितले आणि ती आली नाही. सिस्टर म्हणाली, कसली आई आहे हो ही. मी यादीतला नंबर पाहिला. मग शेजारच्या खुर्चीवर बसलो, कारण माझी खुर्ची मला सापडेना. चौथी आणि शेवटची तारीख आता येत्या मंगळवारची होती. ती गेली तर पुढची चार महिन्यांनी, आणि डॉक्टरांनी शेरा मारला होता की एवढे थांबता येणार नाही.

त्याच दुपारी पत्ता शोधायला निघालो. पत्त्याच्या रकान्यात मी स्वतः लिहिले होते, टाकीजवळ. आपल्या भागात पाण्याच्या सात टाक्या आहेत, हे मला त्या दिवशी कळले. वीस वर्षे मी इथे नोकरी करतो, पण केंद्राच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत, एवढाच भाग मी पाहिला होता. टॅब छातीशी धरून मी टाकीमागून टाकी फिरलो. एका ठिकाणी कुत्रे मागे लागले. एका ठिकाणी म्हाताऱ्याने मला मीटर तपासायला आलेला समजून घरात घेतले आणि बिलावरून तासभर फैलावर घेतले. (शेवटी मी बिल कमी करायचे कबूल करून सुटलो.) मुलीच्या आईचे नाव असे की हाक मारली की गल्लीतून चौघी बाहेर यायच्या, आणि चौघीही मला एकच विचारायच्या की मोठ्या सिस्टर कुठे गेल्या, बऱ्या आहेत ना. तू बरी आहेस असे मी सगळ्यांना सांगितले. खरे म्हणजे मला ते माहीत नव्हते.

दोन दिवस गेले, मुलगी सापडेना. तिसऱ्या दिवशी नवीन सिस्टरने विचारले की मोठ्या सिस्टरांचे रजिस्टर कुठे आहे. मी खाली पाहिले, ते लाजेने पाहिले असे तिला वाटले असेल, पण मी रजिस्टरकडेच पाहत होतो. माझ्या कॉम्प्युटरच्या टेबलाखालची फरशी खचली आहे ना, त्या पायाखाली मी ते सहा महिन्यांपूर्वी घातले होते. अगदी बरोबर मापाचे निघाले म्हणून तेव्हा शिपायाला कौतुकाने दाखवलेही होते. ते ओढून काढताना कंबर धरली, टेबल कलले, नेटचा डबा खाली आला आणि आपले शंभर टक्क्यांचे केंद्र दोन दिवस जगाला दिसेनासे झाले. साहेब काय म्हणाले ते लिहीत नाही, हे पत्र दाजीही वाचतील.

मग मी फरशीवर बसून तुझे अक्षर वाचले. तुझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातले पान होते. "गळक्या टाकीमागे, निळे दार. आई सकाळी धुलाई कारखान्यात, दुपारी दोननंतर घरी. सासरा तापट, गुडघ्याची चौकशी केली की निवतो. मुलगी दोन महिन्यांची. दूध पिताना दमते, ओठ निळसर. पुन्हा बघणे." पुन्हा बघणेखाली दोन रेघा. ताई, हे पान मी वाचलेले होते. तुझी माहिती टॅबमध्ये मीच चढवली. वजनाला रकाना होता, लसीला होता, पुन्हा बघणे याला चौतीसांत कुठेच रकाना नव्हता, म्हणून मी ती ओळ गाळली आणि पान उलटले. यंत्राला जे चार महिन्यांनी कळले ते तू नुसते बघून लिहून ठेवले होतेस. मला फार लाज वाटली. अजून वाटते आहे.

दोननंतर गेलो. टाकी गळकी होती, दार निळे होते, सासरा तापट होता. गुडघा कसा आहे म्हणून विचारताच तो खाली बसला आणि त्याने दोन्ही गुडघ्यांचे सविस्तर सांगितले. मुलगी आईच्या मांडीवर होती. दोन घोट घ्यायची, थांबायची, धापा टाकायची, कपाळावर घामाचे थेंब. आईला वाटत होते की घरावर पत्रा आहे, उकाड्याने होत असेल. मी सगळे सांगितल्यावर ती म्हणाली, "एवढं होतं तर आम्हाला कुणी सांगितलं का नाही?" नोंदीप्रमाणे तिला तीनदा समजले होते. मी म्हणालो, चूक माझी आहे, बाई. तिने मला पाणी दिले. तेवढे पाणी मला प्यायला जड गेले.

असो. मंगळवारी सकाळी नऊला मुलीला मोठ्या दवाखान्यात दाखल करायचे ठरले आहे. केंद्राची गाडी मिळाली आहे, कागद तयार आहेत, डॉक्टर म्हणतात वेळेत आणली तर मुलगी चांगली पळेल. तू काही काळजी करू नकोस, सगळे व्यवस्थित आहे. प्रकृतीस जप, दाजींना सांभाळ, रागातून थोडी सवड झाली तर चार ओळी लिही.

तुझा,
भाषणवाला भाऊ

ता. क. सगळे व्यवस्थित आहे असे वर लिहिले ते तितकेसे खरे नाही. मुलीची आई सही करायला तयार नाही. म्हणते, मोठ्या सिस्टर बरोबर असतील तरच मुलीला आत पाठवीन, तुमचा काय भरवसा. (यात खोडून काढण्यासारखे मला काही सापडले नाही.) मी तिला सांगून टाकले आहे की तू येतेस. तुला न विचारता सांगितले, पण विचारले असते तर तू फोन उचलला नसतास. सोमवारी संध्याकाळच्या बसने ये. टपालाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र तुमच्याकडच्या बसच्या कंडक्टरबरोबरच पाठवतो आहे, त्याला तू लहानपणी टोचले होतेस, तो तुझ्यासाठी पुढची जागा धरणार आहे.

आणखी एक. सत्काराच्या बाईंना मी तुझी उंची सांगितली आहे. माईक बरोबर बसेल. भाषणात माझ्याविषयी जे काही बोलशील ते मी पहिल्या रांगेत बसून ऐकीन.

शेवटचे. साठ घरी स्वतः जाऊन आलो. एकोणचाळीस जणींच्या शेजारणींचे, नणंदांचे वगैरे नंबर मिळाले. उरलेल्या एकवीस आणि ही निळ्या दाराची, अशा बावीस जणींकडे खरोखरच कुठला नंबर नाही आणि चांदणीचा रकाना रिकामा चालत नाही. म्हणून माझा नंबर खोडून तिथे तुझा टाकला आहे. उद्या सकाळी आठ वाजता पहिला फोन येईल. तो माझ्या नंबरावरून नसेल, तेव्हा तू उचलशील. बाई तुझे अभिनंदन करील आणि शेवटी दोन दाबायला सांगेल. तू दोन दाबत बसणार नाहीस, चपला घालशील, एवढे मला ठाऊक आहे.