वाचनालयात बायकांना येऊ द्यावं का?

अलिबाग, रविवार, डिसेंबर १९३३

पेठेतल्या वाचनालयाच्या कमिटीची बैठक झाली, तेव्हापासून डोकं भणभणतंय. विषय एकच, बायकांना वाचायला येऊ द्यावं की नाही. मी चिटणीस. द्यावं असं मला वाटतं, पण अध्यक्ष अण्णासाहेब वकिलांपुढे बोलायची छाती कुठे आहे? त्यांनी लांबलचक भाषण ठोकलं. "बायका आल्या की वाचन संपलं, गप्पा सुरू!" किराणावाले मोरूशेठ मान डोलावत होते, की पेंगत होते कोण जाणे.

मतं घेणार, एवढ्यात दारात काकू, खुद्द अण्णासाहेबांच्या पत्नी. हातात त्यांचा चष्मा. "घरी विसरलात." खरंच विसरले होते, की काकूंनीच मागे ठेवून घेतला होता?

"बरं, जा आता," अण्णासाहेब पुटपुटले.

"जाते. जरा दम खाते." काकू बाकावर टेकल्या आणि बोटीने आलेला मुंबईचा पेपर उघडून वाचू लागल्या. त्यांना उठा म्हणणार कोण? मोरूशेठ अण्णासाहेबांकडे बघताहेत, अण्णासाहेब माझ्याकडे. पेपर सावकाश वाचून काकू उठल्या. "सकाळी कधी उघडता हो?"

"सातला," अण्णासाहेब बोलून गेले आणि जीभ चावली. मी लगेच म्हटलं, "ठराव मंजूर!" एवढं धैर्य कुठून आलं मला? पण त्या चष्म्याची शंका अजून जात नाही.

घरी येऊन मोठ्या तोऱ्यात हिला सगळं सांगितलं. भात वाढता वाढता ही म्हणाली, "सातला कुणाला सवड असते? दुपारचं ठेवा."