कुंकवाचा अंगठा

१७ जानेवारी
श्री. उद्याच्या हळदीकुंकवाचं आलं ते – कुंकू पाव किलो ६०, तीळ अर्धा किलो ११०, गूळ ३०, वाणाला चहाच्या गाळण्या, नग १२ प्रमाणे. हळद घरची. हे वांगी घेऊन समुद्रपूरच्या बाजारात गेले होते, त्यांना शाईचं पॅड सांगितलं होतं. दुकानदार ४५ म्हणाला. मीच फोनवर नको म्हटलं. कपाटात जुनं आहे.

१८ जानेवारी
बाया पुष्कळ आल्या. ह. कुं. झाल्यावर ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज वाचला. मीच लिहिलेला, मॅट्रिकचं अक्षर अजून कामास येतं. मागणी एवढीच की महिला सभा खरोखर भरवा. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी येतो, आपण पोळी लाटता लाटता सही करतो, अन् सभा झाली. तसं नको. सभेत बसवा, खर्च वाचून दाखवा.

सह्या झाल्या. अंगठ्याच्या वेळी पॅड उघडलं तर वाळून खडखडीत. दुकान लांब, बायांना स्वयंपाकाची घाई. कुंकवात तेलाचे दोन थेंब कालवले नि वाटी पुढे केली.

शेजारच्या मथुरामाय दाराशी बसल्या होत्या. मालक गेल्यापासून त्या ह. कुं.ला येतात ते माझ्या मदतीला, पाटावर बसत नाहीत. उठल्या, वाटीत अंगठा बुडवला, कागदावर दाबला. मग कोणीतरी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

सरपंच वर्षाबाई पण आलेल्या. सही नाही केली. जाताना हळूच, "मले काई इचारू नका वैनी." गाळणी नेली.

१९ जानेवारी
अर्ज ग्रामसेवकाकडे दिला. पोच घेतली. एकादशीची भगर संपली, आणणे.

२६ जानेवारी
झेंडा वर्षाबाईंनी चढवला. भाषण त्यांच्या मालकाचं, दिलीपभाऊंचं. नेहमीप्रमाणे.
माईकवर म्हणाले, "गाळणी भेटली का सही. इतकी स्वस्त लोकशाही म्या पाह्यली नाई." लोक हसले. मग आवाज चढवून, "देवाचं कुंकू राजकारणात आणलं. इधवा बाईच्या हातानं कुंकू लावून घेतलं. ही सुधारणा हाय का?"
मथुरामाय शाळेच्या भिंतीशी उभ्या होत्या. सगळे वळून पाहत होते. त्या झेंड्याकडे.
वर्षाबाई जिलबीचं ताट धरून उभ्या.
सभेचं कोणी विचारलं नाही. मीही नाही. घरी येऊन वरण केलं, मीठ घातलं की नाही आठवत नाही. यांनी मुकाट्यानं खाल्लं.

१ फेब्रु.
दिलीपभाऊंच्या विरोधातले झेडपीचे सदस्य घरी आले. चपला घालूनच आत. माझ्या पाया पडले, फोटो काढला. "वैनी, कुंकवाचा अपमान आमी सहन करनार नाई." मी म्हटलं, भाऊ, महिला सभेचं तेवढं बोला. हो हो म्हणाले. चहा ४ कप.

३ फेब्रु.
बसथांब्यावर ब्यानर. वर त्यांचा फोटो मोठा, खाली मी हात जोडलेली. 'माता-भगिनींच्या कुंकवाचा सन्मान'. सभेचा शब्द नाही. भाजीवाल्या बाईनं ओळखलं, कोथिंबीर फुकट देत होती. घेतली नाही.

६ फेब्रु.
रस्त्याच्या भूमिपूजनाला आमदारसाहेब. बायांना न्यायला गाडी पाठवली होती. म्हणाले, ही मागणी मुळात माझीच. मग माझ्याकडे पाहून, "ताई, शाई घ्यालेबी पैसे नोयते का? आमदार निधीतून देतो ना." सगळे हसले. दिलीपभाऊ अन् सदस्य एकाच सोफ्यावर, दोघंही हसले.
मला राग यायला हवा होता. दूध तापवायचं राहिलं, एवढंच डोक्यात.
रात्री हे म्हणाले, "पंचेचाळीस रुपये वाचवले अन् आमदार गाठला तू." हसवायलाच म्हणाले. मी जप पुरा केला.

९ फेब्रु.
ग्रामसेवक अर्ज परत घेऊन आले. कुंकवाचे ठसे पसरलेत, रेघा दिसत नाहीत, शाईनं पुन्हा घ्या म्हणाले. माणूस वाईट नाही. पाणी पिऊन, खाली पाहत बोलले की मथुराबाईचा अंगठा वगळला तर बरं. निराधारच्या पैशाला हयातीचा दाखला लागतो, तो ग्रा.पं.तून, आणि दिलीपभाऊ विचारत होते की म्हातारी जिवंत कोणाच्या सहीनं राह्यते.
त्या पैशावर त्यांचं घर चालतं. दुसरं काही नाही.

११ फेब्रु.
पॅड आणलं, ४५. तोच कागद घेऊन घरोघरी फिरले. शिपाई फिरतो तशीच. अर्ध्या बायांनी दारातूनच नको म्हणून हात हलवला. एकीच्या नवऱ्यानं गाळणी परत दिली. चहाचा डाग होता तिच्यावर.

१२ फेब्रु.
मथुरामायकडे मुद्दाम गेले नव्हते. त्याच आल्या. मी सगळं सांगितलं. तुमचा नको, दाखला अडेल. नवीन कागद करते, जुना देव्हाऱ्यात ठेवते.

"काऊन?" म्हणाल्या. मी जुना कागद समोर ठेवला.
"मालक गेले तवा बायायनं पुसलं. मले कोनी इचारलं नाई. हे म्या सोताच्या हातानं लावलं. हे नको पुसू माय."

मग त्याच कागदावर, लाल ठशाच्या बाजूला, शाईचा अंगठा दाबला. दोन्ही राहू दे म्हणाल्या. बोट पदराला पुसलं नि शेंगा निवडायला बसल्या.

दाखल्याची मुदत महिनाअखेर. यांना सांगितलं. हे म्हणाले पाहू.

१३ फेब्रु.
अर्ज आता गावात द्यायचा नाही. तोच कागद, दोन्ही ठशांसकट, रजिस्टर पोस्टानं जिल्ह्याच्या कचेरीत टाकते. वर माझं पत्र. नक्कल इथे उतरवून ठेवते –

"...अंगठे आमचेच आहेत. गाळणीसाठी कोणी अंगठा दिलेला नाही. कुंकू वापरले कारण शाई वाळली होती, ती चूक माझी, मथुराबाईंची नाही. त्या जिवंत आहेत, माझ्या शेजारी राहतात. महिला सभा कोणत्या दिवशी व किती वाजता भरेल, तेवढे कृपया उलट टपाली कळवावे."