पावणेसहा ते सात

शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

प्रिय तेजस्वी,

जय जिनेंद्र. पिराजीकाकांचा गुडघा आता बरा असेल. तू दूध संस्थेत कॉम्प्युटरवर बसायला लागलीस असं कळलं. कुणाकडून कळलं ते विचारू नकोस, मी चौकशी करत असते एवढं खरं.

इकडे सगळं ठीक आहे. आपली अभ्यासिका तालमीच्या माडीवर आहे तशीच आहे आणि खाली पोरांचा फुटबॉलवरून तोच गलका. खिडकीजवळचं आपलं टेबल बँकेच्या परीक्षेवाल्या दोघांनी धरलंय. हंबीरमामा अजून रात्री नऊला किल्ल्या वाजवून सगळ्यांना उठवतात. माझं लॉ कॉलेजचं ॲडमिशन झालं, ते तुला कळलंच असेल.

मोबाइल असताना ही पत्र का लिहितेय, असं तुला वाटणार नाही. मला वाटलं असतं. माझ्या हातात असं पत्र पडलं असतं तर मी आधी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं असतं आणि मग विचार केला असता की हिला आता माझ्याकडून काय पाहिजे. माझा स्वभावच तसा. अक्काताई आत्या म्हणते, मी लहानपणी प्रसादाचा पेढासुद्धा वास घेऊन खायची.

मार्चपासून सांगते. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण होतं, हे तुला माहीत आहे. आत्या सहाला ताट मांडायची, म्हणून मी पावणेसहाला उठायची आणि सातला परत यायची. पुस्तकं, वह्या सगळं टेबलावर असायचं आणि टेबलाशी तू असायचीस. माझी कायद्याची वही तुला आठवत असेल, बारीक अक्षरातली, बाण आणि फुल्यांनी भरलेली. रोजचं चुकलेलं उत्तर मी तीत बरोबर करून लिहायची. आपल्या लॉच्या सीईटीसाठी माझ्याकडे जे काही होतं ते त्या वहीत होतं.

एकदा परत आले तर वहीतली पेन्सिल उलट्या बाजूला टोक करून होती. दुसऱ्या दिवशी मी विसाव्या पानात बडीशेपेचे दोन दाणे ठेवून गेले. आले तेव्हा दाणे टेबलावर पडलेले. त्यानंतर मी रोज काही ना काही ठेवून जायला लागले, आणि तेव्हापासून आत्याच्या हातच्या आमटीची चव मला कळली नाही. एक दिवस जिन्यात हंबीरमामा कौतुकानं म्हणाले, "ती मुरगूडची पोरगी लई कष्टाळू हाय. तू जेवायला गेलीस की तुझी वही घिऊन एकसारखं लिवत बसती."

मी सरळ विचारायला हवं होतं. पण सरळ विचारलं तर समोरचा सावध होतो, असं माझं डोकं. म्हणून दुसऱ्या दिवशी सहज बोलल्यासारखं म्हणाले, माझी वही कधी लागली तर घेत जा हं. म्हणताना तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू लाल झालीस. "न्हाय गं, माझं माझ्याकडं हाय की," म्हणालीस आणि पिशवीची चेन ओढून घेतलीस. त्याच आठवड्यात सराव परीक्षेत तुला चौऱ्याऐंशी आणि मला एक्क्याऐंशी पडले. त्याआधी तू कायम माझ्या मागे असायचीस. मला आणखी पुरावा नको होता.

घरी आत्याला सांगून टाकलं की ही मुलगी माझं चोरते, आणि ती घरी आली तरी तिच्या हातचं काही घेऊ नकोस.

जे लिहायला बसले ते अजून लिहिलंच नाही. आता लिहिते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी त्या वहीत अकरा उत्तरं खोटी लिहिली. चुकून नाही. आधीची खोडून, त्याच पेनानं, त्याच बारीक अक्षरात, शेजारी बरोबरची खूण करून. अल्पवयीनानं केलेला करार मुळातच रद्द असतो, तिथे लिहिलं की सज्ञान झाल्यावर तो मान्य करता येतो. प्रस्ताव मान्य असल्याचं पत्र पोस्टात पडलं की प्रस्ताव देणारा बांधला जातो, तिथे लिहिलं की पत्र त्याच्या हातात पोचल्यावर. खरी उत्तरं एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. आणि पावणेसहाला वही टेबलावर उघडी टाकून जेवायला गेले.

पेपरात त्यातले दोन प्रश्न आले. मी खरी उत्तरं दिली आणि तिथं बसल्या जागी मला हसू आलं. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, बरा गेला. मी तुझ्या चेहऱ्यावर शोधत होते की हिला कळलं का.

यादी लागली आणि तुझा नंबर दोन मार्कांनी हुकला. तू मला डिसेंबरातच सांगितलं होतंस, "आमच्या घरात एकच वरीस मिळालंय गं, दुसरं न्हाय." मला ते पाठ होतं. अकरा उत्तरं लिहिताना पण पाठ होतं.

आता गेल्या आठवड्यातलं. दशलक्षण पर्व होतं. आमच्याकडे या दहा दिवसांत शास्त्राची पुस्तकं वाचायला रोज कपाट उघडतात. त्यात मागच्या बाजूला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली एक वही सापडली. वर तुझ्या अक्षरात माझं नाव. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "परीक्षेच्या आदल्या दिवशी ती मुलगी देऊन गेली. तूच म्हणाली होतीस ना, तिच्या हातचं घेऊ नको? तुझं डोकं फिरायला नको म्हणून ठेवली आत. लिहिलेली वही, टाकवेना."

खरं सांगते, तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिलं हेच आलं की हिनं यात काय घालून ठेवलं असेल.

तू माझी अख्खी वही सुवाच्य करून दिली होतीस. मार्चमध्ये मी एकदा कुरकुरले होते की शेवटच्या आठ दिवसांत माझंच अक्षर मला लागणार नाही. मी विसरले, तू नाही. एकशे बारा पानं, रोज पावणेसहा ते सात. अकरांपैकी आठ ठिकाणी तू खोटं उत्तर लिहून शेजारी पेन्सिलीनं खरं लिहिलंयस आणि खाली, एकदा बघून घे. उरलेल्या तीन ठिकाणी फक्त एवढंच, "मला येगळं वाटत होतं, पण आदितीनं लिहिलंय म्हंजे बघूनच लिहिलं असणार."

त्या तीनपैकी दोन पेपरात आले. तुला खरं उत्तर येत होतं. माझ्यावर विश्वास ठेवून तू ते बदललंस.

ही वही वेळेवर माझ्या हातात पडली असती तर परीक्षेआधी तुला सांगितलं असतं का, हे गेले आठ दिवस मी स्वतःला विचारतेय. सांगितलं असतं असं म्हणायला जीभ रेटत नाही. आजवर सगळ्यांवर संशय घेतला, फक्त स्वतःवर घ्यायचा राहून गेला होता.

व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू वाचायच्या आत मी पुसलं असतं, म्हणून हे पत्र. चौकातल्या पोस्टाच्या पेटीत टाकलं की मग ते माझ्या हातातून गेलं.

रविवारी मी मुरगूडला येतेय. तू दार उघडलं नाहीस तरी अंगणात उभी राहीन. पिराजीकाकांना मला तोंडानं सांगायचंय की तुमची पोरगी कमी पडली नाही, तिला मी पाडलं, तिला अजून एक वर्ष द्या. त्यांनी काय म्हणायचं ते म्हणू देत. तुझी वही बरोबर आणते. त्या तीन ठिकाणी मी लाल शाईनं खरं उत्तर लिहून खाली सही केली आहे.

आज आमची क्षमावणी. पप्पांनी दोनशे कार्डं छापून घेतलीत, नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना वाटायला. त्यांतलं एक सोबत आहे. त्यावर छापलंय की जाणता-अजाणता आमच्याकडून आपलं मन दुखावलं असल्यास क्षमा असावी. तुझ्या कार्डावरचं 'अजाणता' मी खोडलंय. 'असल्यास' पण खोडलंय. उरलेलं वाचायचं की फाडायचं ते तू ठरव.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क नसलेली,
जाणून चुकलेली,
आदिती