तिसऱ्यांदा विचारल्यावर

साल्टपाँड
मंगळवार, १२ ऑगस्ट

प्रिय मान्सा,

कुमासीत तू बरी असशील, गुडघे फार कुरकुरत नसतील. आम्ही ठीक. मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामुळे मासे भाजायच्या भट्ट्या थंड आहेत आणि मला सवड आहे. यंदा जाळ्यात तारली मासळी बरी मिळाली. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

सरळच विचारते. माझ्या पोरीला, एवुरासीला तू काय शिकवलंस?

गेल्या शनिवारी कोबिनाच्या घरचे तिला मागायला दारूच्या बाटल्या घेऊन आले. अंगणभर माणसं, सगळ्यांचे मोबाईल वर. एगिरदादाने मामाच्या नात्याने विचारलं, "पोरी, या बाटल्या घेऊ का आम्ही?" ती गप्प. रीतीप्रमाणे पुन्हा विचारलं, तरी गप्प. लाजतेय, म्हणून मुलाकडचे हसले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने मान वर केली, दादाकडे नीट पाहिलं आणि ओठ मिटलेलेच ठेवले. बाटल्या तशाच राहिल्या आणि पाहुणे न जेवता उठले.

तेव्हापासून ती घरात कुणाशी बोलत नाही. मक्याच्या केंकीचे गोळे पानात बांधते, मासे उलटते, पण तोंडातून शब्द नाही. आता भट्टीवरच्या बायकासुद्धा दादा आला की गप्प होतात. कुणीतरी फूस लावल्याशिवाय असं होत नाही. तुझ्याशिवाय कोण असणार?

तसं कोबिनाबद्दलही माझ्या मनात पाल चुकचुकते. जूनमध्ये तिची दोन बोटं सुजली होती. गाडीच्या दारात सापडली म्हणाली. दार कुणी लावलं, ते मी विचारलं नाही. पुढे तिने नर्सिंग सोडलं, त्याला आवडत नाही म्हणे. तेही विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला वाटलं.

काल मात्र ती बोलली. मी मासे रचत होते, ती मागे येऊन उभी राहिली.

"आई, मावशीच्या वेळी 'हो' कोण म्हणालं होतं?"

ही गोष्ट आपल्या तिघांनाच ठाऊक, तुला, मला आणि दादाला. दादा सांगणार नाही. म्हणजे तूच.

येत्या शनिवारी पाहुणे पुन्हा येतायत. दादाने बेत आखलाय. एवुरासीच्या तोंडावरून जाळीदार कापड सोडायचं, ओठ दिसायला नकोत. मी तिच्या मागे बसायचं. "मायलेकींचा आवाज सारखाच," म्हणाला. "तुला जमतं की. मागे एकदा केलंयस."

मान्सा, बावीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू लाजत होतीस. तू लाजत नव्हतीस. तुझी पाठ माझ्या गुडघ्यांना टेकली होती, थरथरत होती, आणि मी तुझ्या डोक्याआडून "हो, घ्या" म्हणाले. त्या माणसाकडे तू सहा वर्षं मार खाल्लास. माझ्याशी बोलणं टाकलंस, त्याला मी तुझा ताठा म्हणत राहिले. मला लाज वाटते.

तिला सांगितलंस ते बरं केलंस.

शनिवारी मी तिच्या मागे बसणार आहे. दादाला वाटतंय मी तयार आहे, वाटू दे. आयत्या वेळी दुसरी कुणी त्याला मिळायची नाही. तीनदा विचारतील, तिन्ही वेळा आम्ही दोघीही गप्प राहू.

उत्तर नाही दिलंस तरी मला कळेल, त्या गप्प राहण्याला मी 'हो' समजणार नाही.

तुझ्या तोंडचा 'हो' चोरणारी तुझी बहीण,
आराबा