पोपटीचं आमंत्रण

दिपिका,

तुझं हिवाळी बातमीपत्र मोबाईलवर आलं. कोणाला कॅनडात नोकरी, कोणाला जुळं, आणि जानेवारीत कॉलेजच्या मैदानावर मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची पोपटी. खाली तुझं नाव, सचिव, माजी विद्यार्थी संघ. अगं, मी दुसऱ्या वर्षालाच सरांशी भांडून बाहेर पडलो. मी कसला माजी?

वर छापलंस, ‘पोपटी लावणार आपला ओवे गावचा हृतिक.’ मला विचारलंस? मडकं मी आणायचं, भांबुर्डीचा पाला मी शोधायचा, धूर मी खायचा, आणि तुम्ही कामोठ्याची मंडळी शेकत बसणार.

आणि तो ‘माजी’ शब्द बघून तर टाळकंच सटकलं. कॅन्टीनमध्ये मी तुला म्हटलं होतं, “तू माजी हायस.” तू सगळ्यांसमोर हसलीस. “अरे, माझी म्हण. माजी म्हणजे संपलेली.” आमच्या घरात सगळे माजी आय, माजी बहीन असंच बोलतात, त्यातलं कोणी संपलेलं नाय. मला राग हसण्याचा नव्हता आला. तू माझा शब्द सुधारलास, पण उत्तर दिलंच नाहीस. अजून दिलेलं नाहीस.

हे सगळं तुला पाठवायला हवं, पण पाठवणार नाय. कारण बातमीपत्र पूर्ण वाचायच्या आधीच मी ग्रुपवर ‘येतो’ टाकून बसलोय, आणि तू त्यावर नुसता अंगठा दिलायस.

स्वतःवरच वैतागलेला,
हृतिक