दोन इंजिनांचं विमान

अलिबाग, १२ सप्टेंबर १९३८

रा. रा. दिनानाथराव यांसी दत्तात्रेयाचा सा. न. वि. वि.

मेहुणीबाईंच्या पत्रातून कळलं, की कोण्या खलाशाने तुम्हाला विलायतेहून दोन इंजिनांचं खेळण्यातलं ओतीव बाँबफेकी विमान आणून दिलं. आपण साडू, म्हणून खोटं बोलत नाही : पोटात दुखलं. कोर्टातून येऊन रोज कपाट उघडतो, तर माझी सात विमानं चिलटांसारखी दिसतात. विकत द्या म्हणत नाही. यंदा खंडेनवमीला शस्त्रांऐवजी विमानं पुजायचं मनात आहे. तेवढ्यापुरतं पाठवाल?

लोभ आहेच, हेवाही आहे. पहिला वाढवावा.

दिघी, १९ सप्टेंबर

दत्तोपंतांस सप्रेम नमस्कार.

जळा, पोटभर जळा! तुम्ही जळता हे वाचून मला दोन घास जास्त गेले. गलबतावरच्या काळूराम तांडेलाबरोबर विमान पाठवतो आहे. पंख्यांना बोट लावलं की दोन्ही गरगरतात. पंखांवरची रंगीत वर्तुळं बघा, पण नख लावू नका. तुमची मेहुणी कृष्णाबाई म्हणते, बाळंतिणीला इतकं जपत नाहीत. सगुणाताईंना नमस्कार.

ममता ठेवावी, आणि विमान परत करावं.

अलिबाग, ३ ऑक्टोबर

दिनानाथरावांस सा. न.

कसं लिहू? सगुणेनं नवमीला पहाटे पूजेची भांडी काढली. विमान पाटावर होतं. पूजेतला धातू म्हणून समई-ताम्हनाबरोबर तेही तिनं चिंच आणि राख लावून घासलं. वर्तुळं गेली, हिरवा रंग गेला, नुसतं पांढुरकं शिसं उरलं. ती बिचारी मला म्हणाली, कसं लख्ख निघालं बघा! माझी विमानं वाचली, कारण तुमच्या विमानाशेजारी मांडायची मला लाज वाटली आणि ती कपाटातच राहिली.

क्षमा असावी.

दिघी, ९ ऑक्टोबर

दत्तोपंतांस,

विमान मिळालं. ज्याचा हेवा, तेच घासलं गेलं. तुमची मात्र कपाटात सुखरूप. सगुणाताईंना मी बोल लावत नाही. पाटावर ते कोणी ठेवलं आणि कोण बघत बसलं, एवढं तुमच्या मनाला विचारा. दिवाळीला आम्ही येत नाही.

दिनानाथ

अलिबाग, १५ ऑक्टोबर

दिनानाथरावांस सा. न. वि. वि.

मनाला विचारलं. हेवा होता, दगा नव्हता. पण हे तुम्ही कशावरून मानावं? म्हणून काल मी स्वतः चिंच भिजवली आणि मोरीवर बसून माझी सगळी विमानं घासली. सगुणा हात धरत होती. शेवटच्याला माझाच हात थांबला, खोटं कशाला सांगू. पण तेही घासलं. सगळी सोबत पाठवली आहेत. ठेवा किंवा खाडीत टाका.

लोभ उरला असेल, तर कळवावं.

दिघी, १९ ऑक्टोबर

दत्तोपंतांस साष्टांग नमस्कार.

पुडकं सोडलं आणि कृष्णाबाई रडायला लागली. मला रडू आलं नाही. तुम्ही घासताना मला दिसत होता, आणि मी जळलो, दत्तोपंत. तुमच्या जागी मी असतो तर एकही विमान ओलं केलं नसतं. शपथा घेतल्या असत्या, भांडलो असतो, कपाटाला दुसरं कुलूप लावलं असतं. हे मन मला दिलेलं नाही, आणि याचा हेवा करून ते मिळणारही नाही.

सगळी विमानं एकत्र मांडली आहेत. परत पाठवणार नाही. दिवाळीला तुम्ही दोघं इकडे या आणि स्वतः घेऊन जा.

आपला,
दिनानाथ