मुद्दा क्रमांक पाच : ऑइलची पातळी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

जे झालं ते, क्रमाने :

१. ११ जानेवारीला माझ्या गाडीचं सर्व्हिसिंग. नूतनताईंचं गॅरेज, जामुल रोड. काम तिथल्या मेकॅनिकने, राजदीपने केलं.
२. २६ जानेवारीपासून सायलेन्सरमधून निळसर धूर. गाडी सुरू करताना जास्त, वेग घेताना पुन्हा.
३. इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोच्या नळीच्या जोडावर तेल. पोर्चच्या फरशीवर रोज चार-पाच थेंब.
४. सर्व्हिसिंगआधी यातलं काहीही नव्हतं.
५. ऑइलची पातळी बरोबर.

हेच पाच मुद्दे शनिवारी नूतनताईंना लेखी दिले. शेवटी एक वाक्य – राजदीपने चांगला टर्बो काढून जुना बसवला असावा. 'असावा' लिहिलंय. 'आहे' नाही.

आज त्यांचा फोन. 'तुह्या बाबानं माह्या नवऱ्याले स्टील प्लांटात हात धरून तेलाचं काम शिकवलं. तुमच्या घरून तेलाचा कागद आला, त्यावर मी काय बोलू? राजदीपले घरी बसवलं. खरं निघालं तर कायमचा.'

वाईट वाटलं नाही. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. ते आपोआप जळायला जात नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

राजदीप माझ्या वर्कशॉपच्या गेटवर उभा, माझी शिफ्ट सुटताना. मुद्दाम भिलाई-3 पर्यंत आला! पॉलिटेक्निकला माझ्या एक वर्ष मागे होता.

'दीदी, टर्बो तोच आहे. खोल के देख लो. तुमी तं क्वालिटी-चेकिंगवाल्या.'

'बघणारच आहे.'

'पहले देख लेती, फिर लिखती.'

आवाज चढवला नाही. हात जोडले नाहीत. इतका शांत का? उत्तर तयार करून आलेला माणूस असाच बोलतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सुट्टी. टर्बो तपासला.

प्लेटवरचा नंबर, गाडी घेताना काढलेल्या फोटोतल्या नंबराशी जुळतो. म्हणजे बदललेला नाही. नळी काढून आतलं चक्र बोटाने हलवलं – हवी तेवढीच ढिलाई. पात्यांवर घासल्याची खूण नाही. तेल परत जाण्याची नळी मोकळी.

तरीही हवेच्या नळीत चमचाभर तेल! आणि इंजिनातली वाफ सोडणारी नळी आतून तेलाने भरलेली. तेल गळत नाहीये, कोणीतरी ढकलल्यासारखं वर येतंय.

बाबा चहा घेऊन आले. 'काय शोधून राहिली?'

'तेल कुठून येतं ते.'

'त्या पोट्ट्यानं सील बिघडवलं असन, दुसरं काय.'

चूक दुसऱ्या ठिकाणी असेल, पण चूक त्याचीच. कुठे ते शोधायचं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

धूर वाढला. सिग्नलला मागचा स्कूटरवाला तोंडावर रुमाल धरून – 'मॅडम, मच्छर मारने निकली हो क्या?'

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी, थंड इंजिन. डिपस्टिक, तेल मोजायची पट्टी, ओढली. मी स्वतः, पहिल्यांदाच.

तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर!

सगळं जुळलं. तेल इतकं जास्त झालं की फिरणारा क्रँकचा दांडा ते घुसळतो, फेस होतो, आत दाब वाढतो, तेल वाफेच्या नळीतून टर्बोत जातं. तिथून इंजिनात, आणि धूर. राजदीपने जास्त भरलं! सापडला.

मग मोबाईल उघडला. प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर गॅरेजवाले डिपस्टिक काढून दाखवतात, तिचा मी फोटो काढते. ११ जानेवारी – तेल वरच्या खुणेच्या किंचित खाली. अगदी बरोबर.

म्हणजे नंतर कोणीतरी टाकलं. गाडी पोर्चमध्ये असते, किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला.

आईला विचारलं, किल्ली कोण घेतं.

'कावून पोलिसावानी विचारून राहिली? तू घेतं नाहीतर तुहे बाबा. मले तं तिचा दरवाजाबी उघडत नाही.'

तक्रारीची प्रत पुन्हा वाचली. चार मुद्दे मी डोळ्यांनी पाहिलेले. पाचवा बाबांना विचारून लिहिला होता.

रविवार, १६ फेब्रुवारी

दर रविवारी सकाळी मी भाजी बाजारात असते. आज गेले नाही. खिडकीत उभी राहिले.

बाबांनी गाडी सुरू केली. बॉनेट उघडलं. इंजिन चालू असतानाच डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, पाहिली. मान हलवली. कपाटामागून तेलाचा कॅन आणला.

चालत्या इंजिनात अर्धं तेल वर फिरत असतं. पातळी कमीच दिसणार. डिसेंबरअखेर प्लांटातून रिटायर झाल्यापासून ते दर रविवारी ती 'बरोबर' करत होते.

खाली गेले. 'बाबा, हे बंद करून पाहायचं असतं.'

'तू मले तेल शिकवून राहिली? एकतीस वर्षं गिअरबॉक्सचं तेल काचेतून पायलं, चालत्या मशीनचं. बंद मशीनचं तेल काय सांगते?'

इंजिन बंद केलं. दहा मिनिटं दोघेही पायरीवर बसलो. मग डिपस्टिक त्यांच्याच हातात दिली.

खुणेशी नख लावून पाहिलं. पुसून पुन्हा पाहिली.

'म्हंजे तो पोरगा...'

'हो.'

'नूतनले माहं नाव नको सांगू, गुंजन. तिचा नवरा माह्याजवळच तेल शिकला.'

सव्वा लिटर तेल काढलं. नळ्यांमध्ये साचलेलं जळेपर्यंत धूर येईलच.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी डब्याखाली बाबांचा कागद. 'तेल मी टाकले. राजदीपने नाही. – सुखराम बोरकर.' मी मागितला नव्हता. शिफ्टला जाताना पत्रासोबत देऊन आले. पत्राची नक्कल :

नूतनताई,
माझ्या १ फेब्रुवारीच्या तक्रारीतला मुद्दा क्रमांक पाच चुकीचा आहे. तो मी तपासला नव्हता. राजदीपचं काम बरोबर होतं. तक्रार पूर्ण मागे घेते. बाबांचा कागद सोबत आहे. दोन्ही कागद गॅरेजमधल्या सगळ्यांसमोर वाचावेत. त्याला कोणत्या दिवसापासून कामावर घेता, ते शुक्रवार, २१ फेब्रुवारीपर्यंत मला लेखी कळवावं.